काजूच्या बागेतला माहितीसंच

‘चालत नाहीत’ असे दोन शब्द लिहून खाली सही केली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. आमच्या शाळेचे लिपिक अनिलराव मला अजूनही हे ऐकवतात, आणि दर वेळी वर हसतात.

झालं असं की आमच्या शाळेत भिंतीवरचा मोठा स्मार्ट फळा बसणार होता. त्यासाठी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातलं लोखंडी कपाट हलवणं भाग होतं. कपाट उघडलं तर आत एक जाड खोका निघाला. त्यावर ‘पृथ्वी व अवकाश विज्ञान : शालेय माहितीसंच’ असं छापलेलं होतं, आणि आत तीसेक सीडी. वीसेक वर्षांपूर्वी कुठल्याशा योजनेतून आलेल्या. तेव्हा शाळेत संगणक नव्हता. संगणक आला तेव्हा कपाटाची किल्ली सापडेना. किल्ली सापडली तोवर नवे संगणक आले, त्यांत सीडी घालायची फटच नव्हती. म्हणजे तसा दोष कुणाचाच नव्हता.

मुख्याध्यापिका नम्रता मॅडम म्हणाल्या, “टाकून द्या.”

“असं टाकता येत नाही मॅडम,” अनिलराव म्हणाले. “जडवस्तू नोंदवहीत आहेत. नोंदीतून कमी करायला निर्लेखन करावं लागेल. त्याला विज्ञान शिक्षकाचा दाखला लागतो की वस्तू निरुपयोगी आहे, चालत नाही.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शाळेत विज्ञान आणि भूगोल मीच शिकवतो.

“चालत नाही हे कशावरून?” मी विचारलं.

“चालवायला यंत्रच नाही ना आपल्याकडे, त्यावरून.”

“पण मग चालत नाही ते यंत्र नसल्यामुळे. सीडीचा काय दोष? न बघता मी कसं लिहून देऊ?”

मी नववीच्या मुलांना वर्षभर सांगत आलोय की निरीक्षण केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. आता सोयीचं आहे म्हणून मीच काढायचा? मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. त्या मूळच्या लांज्याच्या, बोलायला मोजक्या आणि निर्णयाला तडक. “विज्ञान दिनापर्यंत बघा आणि लिहून द्या,” त्या म्हणाल्या. “फळा लगेच त्यानंतर बसणार आहे. मला ती भिंत मोकळी हवी.”

खोका घरी न्यायच्या आधी मी त्यातली यादी वाचली, आणि तिथेच फसलो. सूर्यावरील डाग. चंद्राचा पृष्ठभाग. भूकंपांच्या नोंदी. अरबी समुद्राचं तापमान. पृथ्वीचं वातावरण. आणि शेवटी ‘पश्चिम किनारा : उपग्रहचित्रे’. म्हणजे आपली रत्नागिरी, वीस वर्षांपूर्वीची, वरून! मी उत्साहाच्या भरात त्याच तासाला नववीला सांगून टाकलं की विज्ञान दिनाला तुम्हाला तुमचा गाव तुमच्या जन्माआधीचा दाखवतो. पोरांनी बाकं वाजवली. मागल्या बाकावरच्या अक्षयाने, जिला प्रश्न पडत नाही असा दिवस जात नाही, विचारलं, “नक्की ना सर?”

“नक्की,” मी म्हणालो. शिक्षकाने हा शब्द जपून वापरावा.

आता यंत्र शोधणं आलं. बाजारपेठेतल्या एका मोबाईलच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या तरुणाने मी पुढे केलेली सीडी दोन बोटांत धरली आणि आतल्याला हाक मारली, “अरे, बाहेर ये, बघ काकांनी काय आणलंय!” आतला बाहेर आला. दोघांनी त्या सीडीसोबत फोटो काढून घेतला. मला बाजूला व्हायला सांगून. दुसऱ्या दुकानदाराने “यातलं सगळं नेटवर मिळतं हो” म्हणून माझी समजूत घातली. तिसऱ्याने सांगितलं की त्याच्याकडे असलेलं यंत्र त्याने गेल्याच महिन्यात भंगारात दिलं, आणि मीच उशीर केला अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं.

घरी वेगळाच प्रश्न. खोका उघडल्या उघडल्या माझी बायको सावनी शिंकायला लागली. इतके पावसाळे बंद कपाटात काढल्यावर कोकणात माणसालाही बुरशी येईल; सीड्यांना आली होती. वर्तुळाकार, पांढरी, नक्षीदार. ‘सूर्यावरील डाग’ या सीडीवर तर सूर्यावर नसतील इतके डाग होते.

आमच्या इमारतीत कुठल्याही घरात काहीही बिघडलं की तळमजल्यावरच्या राजाभाऊंना आपोआप कळतं. राजाभाऊ एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त झाले, पण नियंत्रण सुटलेलं नाही. ते आले, सीडी नाकाशी नेऊन वास घेतला आणि म्हणाले, “टूथपेस्ट. पांढरी. लाल नको, लाल चिकटते.”

मागोमाग समोरच्या कमलाकाकू आल्या. “पेस्ट कसली लावताय? चरे पडतील. रिठ्याच्या पाण्यात घाला. माझे मोती मी इतकी वर्षं रिठ्यानेच धुत्येय.”

“मोती आणि सीडी यांत फरक आहे काकू,” राजाभाऊ म्हणाले.

“आहे तर. मोत्याचा उपयोग होतो.”

दुसऱ्या मजल्यावरून निरोप आला की बुरशी थंडीने मरते, सबंध रात्र फ्रीजरमध्ये ठेवा. यावर मात्र सावनी ठाम होती. “फ्रीजरमध्ये सुरमई आहे. तिच्या शेजारी मी चंद्र ठेवणार नाही.”

शेवटी रिठा ठरला. रविवारी सकाळी बादलीत फेस करून मी आख्खी सूर्यमाला धुऊन काढली. मग प्रत्येक सीडीच्या भोकातून सुतळी ओवली आणि गच्चीवरच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर ओळीने टांगली. वाऱ्याने त्या फिरायला लागल्या आणि गच्चीभर उजेडाचे तुकडे धावायला लागले. तिथेच एका बाजूला कमलाकाकूंची पोह्याची मिरगुंडं वाळत होती. एरवी मिरगुंडं म्हटली की कावळ्यांची पंगत बसते. त्या दिवशी एक कावळा कठड्यावर टेकला, त्याच्या डोळ्यांवर पृथ्वीचं वातावरण चमकलं, आणि तो जो उडाला तो पुन्हा दिसला नाही. काकू फारच खूश झाल्या. “सर, ह्या आणखी दोनचार दिवस असूदेत हो,” म्हणाल्या. मलाही ओल पूर्ण जायला हवीच होती. मी हो म्हणालो.

सोमवारी शाळा सुटल्यावर मला यंत्र मिळालं. स्वरूप नावाच्या फोटो स्टुडिओवाल्याकडे. लग्नाच्या सीड्या करून द्यायचा त्याचा धंदा होता तेव्हाचं, वायरने बाहेरून जोडायचं. त्याने ते कापडात गुंडाळून, दोन्ही हातांनी माझ्या हाती दिलं. “सांभाळा सर. माझ्याकडे असली दोनच उरलीत.”

“मग दुसरं आहे ना?”

“दुसरं बंद आहे.”

मी ते पोटाशी धरून, रिक्षाने, खड्डे चुकवायला सांगत घरी आणलं आणि तडक गच्चीवर गेलो. दोरी मोकळी होती. मिरगुंडं नव्हती, सीड्या नव्हत्या, एक चिमटा तेवढा लटकत होता.

“काकू!” मी त्यांच्या दारात उभा राहून विचारलं, “सीड्या कुठे आहेत?”

“त्या होय? हौसाने नेल्यान्,” काकू आतून म्हणाल्या. “सकाळी नारळ घेऊन आली होती. गच्चीवर माझ्याबरोबर मिरगुंडं उचलायला आली, तिला आवडल्या. म्हणाली बागेत बांधते, वांदर पळतील. मी म्हटलं ने की, सरांची रद्दीच आहे, शाळेतून टाकायला काढलीय.”

“टाकायला नव्हती काढली! तपासायला आणली होती!”

“अगोबाई! मग टांगून कशाला ठेवलीत?”



काकूंची काजूची बाग लांज्याच्या अलीकडे, हायवेपासून आत एका वाडीत आहे. ती हौसा करते, अर्धेलीने, म्हणजे निम्मं पीक तिचं. तिचे दोन्ही मुलगे मुंबईला. “तुम्ही फोन करून सांगा ना परत द्यायला,” मी काकूंना म्हणालो. काकूंनी फोन केला, बराच वेळ नुसतं ‘हं, हं’ केलं आणि ठेवला. “ती म्हणत्येय, सरांनी स्वतः येऊन बोलावं. बाग माझी आहे हो, पण राज्य तिचं आहे.”

त्या रविवारी मी निघालो तर राजाभाऊ पिशवी घेऊन खाली उभे. मी स्कूटर काढत होतो. त्यांनी ती परत लावायला लावली. “हायवेवर स्कूटर? मी असताना? एसटीने जायचं.” स्थानकावर त्यांनी नियंत्रकाच्या खिडकीत डोकं घालून “काय, ओळखलंत का?” असं विचारलं. आतल्या मुलीने वर न बघता “चौकशी पलीकडे” असं सांगितलं. त्यानंतर पाली येईपर्यंत राजाभाऊ खिडकीबाहेर बघत राहिले. मीही त्यांना छेडलं नाही. अपमान ताजा असताना माणसाला एकटं सोडावं, हे मी मोबाईलच्या दुकानात शिकलो होतो.

फाट्यावर उतरून लाल मातीच्या वाटेने आत गेलो. बाग लांबूनच दिसली. खरं सांगतो, मी रागाने आलो होतो, पण दोन मिनिटं रागवायचं विसरलो. काजूला मोहोर आला होता, खालच्या फांद्यांवर पहिली लाल-पिवळी बोंडं लागली होती, आणि झाडाझाडातून माझा माहितीसंच लखलखत फिरत होता. बांधाशी ‘भूकंपांच्या नोंदी’. खोपीच्या दारावर ‘समुद्राचं तापमान’. आणि पार टोकाला, जंगलाकडच्या झाडावर, एकटा चंद्र.

हौसा खोपीच्या सावलीत बिया वेगळ्या करत बसली होती. वय साठीच्या पुढे, नजर थेट. आम्हाला पाणी दिलंन्, गूळ दिलान्, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, “गुर्जी, त्या चंद्राला तेवडा हात लावू नुको. तिकडनंच वांदरं येतात.”

“अहो हौसाबाई, त्या शाळेच्या वस्तू आहेत. मुलांना दाखवायच्या आहेत.”

“काय हाय त्यात?”

“तो चंद्र आहे ना, त्यात चंद्र आहे.”

“मंग रातचा वर दिसतो तो कोन?”

“तसा नाही, जवळून. त्याच्यावरचे खड्डे दिसतात.”

“खड्डे बघायला पोरांना हायवेवर न्या की.”

राजाभाऊ मोठ्याने हसले. त्यांचा मूड परत आला होता, माझ्या खर्चाने. हौसा मात्र हसली नाही. तिने सुपातल्या बिया माझ्यापुढे सरकवल्या. “गेल्या साली ह्या टायमाला माझ्याकडं येवड्या बी नव्हत्या, गुर्जी. वांदरं बोंडं खातात आनि बिया फेकून देतात. मी काठी घेऊन ह्या टोकाला, की ती त्या टोकाला. दोन्ही पोरं म्हनतात आये, सोड बाग, मुंबईला ये. आवंदा पयल्यांदा मी दुपारची जराशी आडवी पडले. तुमी न्या तुमच्या वस्तू. शाळेच्या हायत, मी न्हाय कशी म्हनू? पर मंग मला काठी घ्यायला लागंल.”

ती उठून खरंच पहिल्या झाडाची सुतळी सोडायला लागली. आता सांगा, कुठला माणूस ती सीडी पिशवीत घालेल? मी म्हणालो, “थांबा.” आणि राजाभाऊंकडे पाहिलं. राजाभाऊ म्हणाले, “बाई, चमकायला काहीही चालेल ना? चंद्रच पाहिजे असं नाही?”

हौसाने विचार केला. “एकाला एक. आनि चकचकीत पायजे. धुरकट नुको.”

“मिळतील,” राजाभाऊ छातीवर हात ठेवून म्हणाले. “आमच्या सोसायटीत घरोघरी पडल्यात.”

घरोघरी पडल्या होत्या हे खरं. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी आवाहन टाकलं : निरुपयोगी सीडी असल्यास द्याव्यात, सत्कार्यासाठी. बऱ्याच जणांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. सीडी एकाचीही आली नाही. मग दारोदार फिरलो, तेव्हा कळलं की कुणाच्याच घरात निरुपयोगी सीडी नाही. मुंजीची आहे, बारशाची आहे, गुडघ्याच्या तपासणीची आहे. एकाकडे ‘तीस दिवसांत संगणक शिका’ होती, तीही तो सोडेना, कारण शिकायचं राहिलं होतं.

“पण तुम्ही ती लावून कधी बघता?” मी विचारायचो.

“लावणार कशावर? यंत्र कुठाय?”

आणि इथे माझ्या तोंडून गेलं, “माझ्याकडे आहे.”

त्या संध्याकाळपासून आमच्या बाहेरच्या खोलीत रीघ लागली. प्रत्येकाची अट एकच : आधी बघू, मग त्यातलं पेनड्राइव्हवर उतरवून द्या, मग सीडी न्या. सावनीने पहिल्या दिवशी चहा केला. दुसऱ्या दिवशी तिने पोस्टातल्या नोकरीवरून आल्यावर दारावर पाटी लावली, ‘चहा घरून पिऊन यावा’. तरी लोक आले. येताना शेजाऱ्यांनाही घेऊन आले, कारण त्यांच्या मुंजीत शेजारी जेवले होते. मी भिंतीशी स्टुलावर बसून, स्वरूपचं यंत्र मांडीवर आडवं धरून, एकेक सीडी आत सरकवत होतो. अख्खी नववी माझी वाट बघत होती, आणि मी कुणाच्या तरी केळवणातलं श्रीखंड बघत होतो.

राजाभाऊंची सीडी त्यांच्या निरोप समारंभाची होती. डेपोत खुर्च्या मांडलेल्या, हार घातलेले, आणि राजाभाऊ भाषणाला उभे. पण मागे स्थानकाच्या सूचना इतक्या जोरात चालू होत्या की भाषणाचा एक शब्द कळत नव्हता. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. ते पुढे सरसावून कान देऊन ऐकत होते. “ऐकलंत? मंडणगड गाडी फलाटाला लागली. अगदी वेळेत! माझ्या शेवटच्या दिवशीसुद्धा!” पूर्ण सीडी त्यांनी तेवढ्यासाठी दोनदा लावायला लावली.

कमलाकाकू सगळ्यांत शेवटी आल्या. सगळे गेल्यावर. सीडी पदराखाली होती. “ह्यांच्या एकसष्टीची आहे,” म्हणाल्या. “लागली तर लावा. नाही लागली तरी चालेल.”

लागली. पहिली काही मिनिटं सनई आणि पाहुणे. मग मागल्या अंगणात नाना, काकूंचे यजमान, ज्यांना जाऊन आता दहा-बारा वर्षं झाली, आचाऱ्यावर ओरडताना दिसले. आमटीत मीठ नव्हतं. ते अंगणभर फिरत होते, या कढईचं झाकण उघड, त्याला हाकल, ह्याला बाजूला कर, आणि मध्येच कॅमेऱ्याकडे वळून म्हणाले, “ए, तू काय काढतोयस? जेवलास का? जा आधी जेव.” काकू खुर्चीच्या कडेवर बसून बघत होत्या. हसत होत्या. मग चष्मा काढून पुसला, परत घातला. सावनीने न सांगता चहा ठेवला.

मी सगळं पेनड्राइव्हवर उतरवून दिलं आणि सीडी त्यांना परत द्यायला लागलो. माझी हिंमतच झाली नसती ती मागायची. काकूंनी माझा हात मागे सारला. “न्या बागेत. वांदरांना हाकलायला ह्यांच्यापेक्षा चांगलं कोण मिळणार?”

पुढच्या वेळी आम्ही तीसेक सीड्या घेऊन गेलो. हौसाने एकेक उन्हात धरून पारखून घेतली. गुडघ्याच्या तपासणीची जरा धुरकट म्हणून नाकारली. तिच्याऐवजी राजाभाऊंनी खिशातून निरोप समारंभ काढून दिला, मान वर न करता. नाना चंद्राच्या जागी गेले, जंगलाकडच्या टोकाला. आमच्या पिशवीत परत आलेल्या माहितीसंचावर पक्ष्यांनी आपापल्या नोंदी केल्या होत्या आणि दोनचारांवर काजूचा चीक होता. या वेळी मी तो न्हाणीघरात, आतून कडी लावून धुतला.

आणि मग खरी तपासणी. इतक्या यातायातीनंतर वाटलं होतं, निदान अर्ध्या तरी चालतील. सूर्य चालला नाही. भूकंपाने यंत्रात असा आवाज केला की सावनी स्वयंपाकघरातून धावत आली. चंद्राच्या सीडीतून फक्त एक पान उघडलं, त्यावर ‘ही सीडी कशी वापरावी’ एवढंच होतं. समुद्राचं तापमान आकड्यांच्या रूपात दिसलं, हजारो आकडे, पण कुठला आकडा कुठल्या ठिकाणचा हे सांगणारी सीडी वेगळी होती आणि ती चालत नव्हती. एकेक बाजूला ठेवत गेलो. अनिलरावांचं हसणं कानात वाजायला लागलं. शेवटी ‘पश्चिम किनारा’ आत सरकवली. यंत्र घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं. पडद्यावर इंग्रजीत लिहून आलं की हा कार्यक्रम या संगणकावर चालणार नाही. मी तरी नाद सोडला नाही. आतली फोल्डरं उघडत गेलो, आणि चित्रं सापडली. जूनचं चित्र : पूर्ण पांढरं. जुलैचं : पूर्ण पांढरं. ऑगस्टचं : पांढरं. कोकणात पावसाळ्यात वरून बघितलं तर ढगच दिसणार, हे भूगोल शिकवणाऱ्याला आधी सुचायला हवं होतं. मग जानेवारी उघडलं.

मी सावनीला हाक मारली. ती आली, आणि खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली.

विज्ञान दिनाला मी प्रयोगशाळेत पांढरी चादर लावली, प्रोजेक्टर जोडला. नववीची मुलं दाटीवाटीने बसली. नम्रता मॅडम तपासणीला म्हणून आल्या आणि मागे कपाटाशी उभ्या राहिल्या, मनगट वर करून, घड्याळ दिसेल असं. यंत्र तीनदा नुसतंच घरघरलं. मागून कुणीतरी खुदकन हसलं. चौथ्यांदा चित्र आलं.

किनारा, खाड्या, भगवतीचा डोंगर समुद्रात शिरलेला, भाट्याची वाळूची पांढरी रेघ. पोरं एकदम उठून उभी राहिली. “सर, आमची वाडी!” “सर, बंदर बघा, केवढं!” “आमच्या इथे नुसता कातळाचा सडा आहे, एकपण बिल्डिंग नाही!” शेजारी मी आजचं चित्र लावलं, आणि मग मला काही शिकवावंच लागलं नाही. तेव्हा आणि आता, तेव्हा आणि आता, अशी त्यांची नजर नुसती जात-येत होती.

मी चित्र पूर्वेकडे सरकवलं. अक्षयाने हात वर केला. “सर, ही काळी नदी कुठली? हातखंब्याहून खाली जाते ती? आजच्या चित्रात नाहीये.”

“नदी नाही ती. हायवे आहे.”

“इतका जाड आणि काळा? आणि आता तिथेच पांढरा कसा?”

मी चष्मा वर करून बघत होतो, तोच मागून आवाज आला. “झाडं आहेत ती.”

नम्रता मॅडम बाकांमधून पुढे आल्या. “दोन्ही बाजूंना होती. वड, चिंच, आंबे. वर फांद्या एकमेकींत गेलेल्या. वरून रस्ता दिसणारच नाही, सावलीच दिसेल. रुंदीकरणात तोडली सगळी. तुम्ही लहान होतात.” त्यांनी माझ्या हातातली पट्टी घेतली आणि त्या काळ्या रेघेवरून हळूहळू खाली आणत लांज्याच्या अलीकडच्या एका वळणावर थांबवली. “इथे आमच्या अण्णांचं दुकान होतं. सरबत आणि काजूगर. एसटी थांबली की मी खिडकीशी ग्लास घेऊन धावायचे. तुमच्याएवढी होते.”

मुलं पुढे वाकली. “मॅडम, काही दिसत नाही.”

“दिसणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “तेवढं मोठं नव्हतं ते.”

पट्टी तिथेच राहिली. मग अक्षयाने विचारलं, “मॅडम, ही झाडांची रेघ मोजता येईल ना? किती लांब होती ते?” आणि दोन मुलं चादरीला पट्ट्या लावायला धावली. तास संपल्याची घंटा झाली. मी पुढच्या तासाचं विचारलं. “पुढचा तास माझाच आहे,” मॅडम म्हणाल्या. “चालू दे.”

तेवढ्यात अनिलराव दाखल्याचा कागद आणि शिक्का घेऊन आले. “सर, सही? चालत नाहीत ना?”

मी खरं ते सांगितलं. बहुतेक चालत नाहीत. एक चालते.

“मग बाकीच्यांचं लिहून द्या. पण एक जरी राहिली तरी संच राहतो, संच राहिला की खोका राहतो, आणि खोका राहिला की कपाट राहतं,” अनिलराव मॅडमकडे वळून म्हणाले. “नियम आहे. आणि फळा तर परवा येतोय.”

“कपाट माझ्या केबिनमध्ये हलवा,” मॅडम म्हणाल्या. त्यांची नजर चादरीवर होती.

“तिथे जागा नाही मॅडम.”

“माझं टेबल सरकवा.”

टेबल सरकवलं. आता मॅडमना भेटायला जाणाऱ्याला कपाटाला पाठ घासत, आडवं होऊन शिरावं लागतं. स्वरूपचं यंत्र शाळेने ठेवून घेतलं. त्याने पैसे घेतले नाहीत, फक्त अधूनमधून येऊन ते बरं आहे ना ते बघून जातो. परवा मला रजा हवी होती. अर्ज घेऊन गेलो, दार अर्धं लोटलेलं, आतून घरघर ऐकू येत होती. मी कपाटाच्या कडेने आत शिरलो. मॅडमनी पडद्यावरच्या त्या काळ्या रेघेवरून वर पाहिलं नाही, नुसता हात केला.

“थांबा सर,” त्या म्हणाल्या. “आंजणारीच्या पुलावर आलेय. लांजा आलं की सही करते.”